वाचकांचे प्रश्न : बागेतला पालापाचोळा आणि मातीचे आच्छादन

पानगळीचे दिवस सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. अंगणात, परसात आणि गच्चीवर साचणारा पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या आणि कापलेले गवत यांचे काय करावे, हाच या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. हे सारे बागेबाहेर न घालवता मातीवर अंथरावे, म्हणजेच त्याचे आच्छादन करावे, असे आमचे ठाम मत आहे. मात्र ते किती जाड, कोणत्या दिवसांत आणि खोडापासून किती अंतरावर अंथरावे हे जागेप्रमाणे बदलते आणि बहुतेकांची अडचण तिथेच होते. म्हणून काही उत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या आवारात आंबा, देशी बदाम आणि गुलमोहर यांची जुनी झाडे आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रोज घमेली भरभरून पाने निघतात आणि माळी ती कोपऱ्यात जाळून टाकतो. पाने झाडांखाली राहू दिली तर कीड वाढेल आणि बाग अस्वच्छ दिसेल, असे त्याचे म्हणणे आहे. आच्छादन करायचे झाल्यास नेमके कसे करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वप्रथम जाळणे थांबवावे. बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि तो जाळू नये, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सांगितले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि त्यासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण कायदा बाजूला ठेवला तरी यात बागेचे जे नुकसान होते ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्राचा (नायट्रोजनचा) बराचसा भाग परत ओढून घेते, परंतु कॅल्शियमसारखी खनिजे आणि सारा कर्ब (कार्बन) त्या पानातच राहतो. पान जाळले की कर्ब धुरावाटे निघून जातो आणि उरलेली राख वाऱ्याने किंवा वळवाच्या पहिल्या सरीने वाहून जाते. तेच पान मातीवर पडून राहिले, तर बुरशी, जिवाणू आणि गांडुळे ते हळूहळू मातीत उतरवतात आणि झाडाने खोलवरून वर आणलेले अन्न पुन्हा त्याच झाडाच्या मुळांशी पोहोचते.

पानांचे असे खत सावकाश होते. आच्छादनाचा तातडीचा लाभ उन्हाळ्यात दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या जमिनीचा वरचा थर एवढा तापतो की अन्न शोषणारी बारीक तंतुमुळे तिथे टिकत नाहीत, आणि घातलेल्या पाण्याचा मोठा भाग मुळांपर्यंत न पोहोचता हवेत उडून जातो. पानांचा थर असला की ऊन थेट मातीवर पडत नाही, ओलावा टिकतो, प्रकाश न मिळाल्यामुळे तणांचे बी सहसा उगवत नाही, आणि पुढे पावसाळ्यात टपोऱ्या थेंबांचा मार पानांवर बसल्याने मातीचा वरचा थर घट्ट होत नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची ती स्थिती, आच्छादनाखाली अधिक दिवस टिकते.

आता कृतीविषयी. प्रथम तण काढावे आणि आळे भरपूर भिजवावे. कोरड्या मातीवर जाड थर घातला तर वरून दिलेले थोडेसे पाणी पानांतच मुरते आणि खालची माती कोरडीच राहते. भिजवलेल्या मातीवर बोटभर शेणखत पसरून त्यावर पाने अंथरावीत. नवा सैल थर सहा इंचांपर्यंत चालेल, कारण पंधरा दिवसांत तो दबून तीन इंचांवर येतो. मोठ्या झाडांना हा थर फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे द्यावा, बुंध्यापाशी ढीग मुळीच करू नये. खोडाभोवती निदान वीतभर जागा पूर्ण मोकळी असावी, अन्यथा साल सतत ओली राहून कुजते.

आपल्याकडच्या तीन झाडांपैकी देशी बदामाच्या पानाची वेगळी काळजी घ्यावी लागेल. अशी रुंद पाने एकावर एक चिकटून कौलांसारखी बसतात आणि पाणी बाजूला ओघळून जाते. ती कडकडीत वाळल्यावर पोत्यात भरून तुडवावीत किंवा गवत कापण्याच्या यंत्राखाली बारीक करावीत, आणि त्यांत गुलमोहराची बारीक पर्णिका मिसळावी. आंब्याचे पान चिवट असते आणि कुजायला वेळ घेते, आच्छादनासाठी हा गुणच आहे. वाऱ्याने पाने उडत असतील तर वरून पाणी शिंपडावे, जमल्यास पातळ शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) शिंपडावा आणि काटक्या आडव्या टाकाव्यात.

किडीविषयी माळ्याची शंका अगदीच निराधार नाही, पण ती सरसकट लागू होत नाही. पाचोळ्यात दिसणारे पैसा, वाणी यांसारखे जीव प्रामुख्याने मेलेल्या पानांवर जगतात आणि कुजण्याच्या कामाला त्यांची मदतच होते. धोका असतो तो रोगट पानांचा. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पाने, भुरी पडलेले वेल, मर रोगाने वाळलेली टोमॅटो-वांग्याची झाडे आच्छादनात घालू नयेत. घरगुती ढिगात रोगाचे बीजाणू मरण्याइतकी उष्णता बहुधा तयार होत नाही, म्हणून असा भाग बागेबाहेरच काढावा. अस्वच्छतेचे म्हणाल तर पायवाटा आणि अंगण झाडून घ्यावे, वाफ्यांना विटांची किंवा दगडांची कड करावी आणि झाडलेली पाने त्या कडेच्या आत टाकावीत. एवढ्याने बाग नीटनेटकी दिसते. यानंतरही पाने उरली तर तारेच्या जाळीचा पिंजरा करून त्यात ओलसर करून दाबून ठेवावीत. वर्षभरात त्यांचे काळे, भुसभुशीत पर्णखत होते. आपल्या शहरात तर ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत अशांची गाठ घालून देणारा ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रमही चालतो.

प्रश्न : सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा मी पालक आणि मेथीच्या वाफ्यांत आच्छादन म्हणून घातला आणि खुरप्याने थोडा मातीत मिसळला. तीन आठवड्यांत पाने पिवळी पडली. भुसा विषारी असतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : साध्या लाकडाचा भुसा विषारी नसतो. तो मातीत मिसळला गेला, हे पिवळेपणाचे कारण आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. हिरव्या गवतात हे प्रमाण २० च्या आसपास असते, वाळलेल्या पानांत ते ४० ते ८० पर्यंत जाते, तर लाकडाच्या भुशात ३०० च्याही वर असते. भुशात पुरेसे नत्र नसल्यामुळे जिवाणू ते मातीतून उचलतात आणि तेवढा काळ पिकाला नत्र कमी पडते. पालक-मेथीसारख्या उथळ मुळांच्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या पालेभाज्यांवर त्याचा परिणाम लगेच दिसतो. हाच भुसा मातीच्या वर राहिला असता, तर ही ओढाताण फक्त भुसा आणि माती यांच्या सीमेवरच्या पातळ थरात झाली असती आणि मुळांना तिची झळ फारशी बसली नसती. आच्छादन मातीत कालवू नये, हा नियम आम्ही वारंवार सांगतो तो याचसाठी.

सध्याच्या पिकाला दहा पट पाण्यात मिसळलेले गोमूत्र किंवा पातळ शेणकाला आठवड्यातून एकदा द्यावा. पुढच्या वाफ्यात भुसा टाळून कापलेले हिरवे गवत किंवा ग्लिरिसिडियाचा, म्हणजे गिरिपुष्पाचा, कोवळा पाला वापरावा. या पाल्यात नत्र भरपूर असते आणि तो लवकर कुजतो. हिरवे गवत मात्र एका वेळी इंचभरच पसरावे. जाड थर दिल्यास ते तापते, चिकट होते आणि त्याला दुर्गंधी सुटते. आणखी एक सूचना. बारीक बियांचा वाफा आधीच झाकू नये. मेथी, पालक, कोथिंबीर चार बोटे उंच झाल्यावर ओळींच्या मधल्या जागेतच आच्छादन द्यावे. प्लायवूड किंवा दाबलेल्या बोर्डाचा भुसा असेल तर त्यात डिंकाची रसायने असतात, तो भाजीच्या वाफ्यात कधीही घालू नये.

प्रश्न : आमची नारळ-पोफळीची लहानशी वाडी आहे आणि मागे हापूसची चार कलमे आहेत. पूर्वी झावळ्या आणि पाला भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजण्यासाठी) जात असे. आता भातशेती बंद झाल्याने सोडणे (नारळाची काथ्याची साले) आणि झावळ्या यांचे ढीग साचतात. कोकणातल्या पावसात आच्छादन केले तर सगळे कुजून भुंग्यांचा त्रास वाढणार नाही का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपल्याकडे आच्छादनाची गरज उलट अधिक आहे. जांभ्याची उताराची जमीन उघडी राहिली तर जून-जुलैच्या मुसळधार पावसात वरची सुपीक माती धुऊन जाते, आणि मग नोव्हेंबरपासून तीच जमीन झपाट्याने कोरडी पडते. म्हणून झावळ्यांचे दोन-तीन तुकडे करून ते उताराला आडवे टाकावेत, म्हणजे वाहते पाणी आणि त्याबरोबरची माती दोन्ही अडतात.

सोडणे ही तर वाडीतली फार मोलाची वस्तू आहे आणि ती चुलीत घालवली जाते याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. सोडण पाणी धरून ठेवते आणि त्यात पालाशही (पोटॅश) चांगले असते. माडाच्या बुंध्यापासून थोडी जागा सोडून सुमारे दोन मीटर त्रिज्येच्या आळ्यात ती पसरावीत. पृष्ठभागावर पसरताना सोडणाची फुगीर बाजू वर असावी. आळ्याभोवती चर खणून त्यात पुरायची असतील तर मात्र खोलगट बाजू वर ठेवून थरावर थर द्यावेत आणि माती लोटावी. असे पुरलेले सोडण पाच-सहा वर्षे ओलावा धरण्याचे काम करत राहते. पावसाळा संपता संपता, जमिनीत ओल असतानाच हे काम उरकावे.

भुंग्याविषयीची आपली काळजी योग्य आहे. गेंड्या भुंग्याची मादी कुजत्या ढिगात, शेणखताच्या खड्ड्यात आणि मेलेल्या माडाच्या खोडात अंडी घालते. पसरलेल्या पातळ थरात तिला तशी जागा मिळत नाही. वर्षानुवर्षे न हलवलेला उंच, दमट ढीग हेच तिचे माहेरघर असते. त्यामुळे ढीग साचू न देता सामग्री पसरत राहणे हाच पहिला बंदोबस्त आहे. जो ढीग ठेवणे भाग असेल तो पावसाळ्यापूर्वी उलथावा, सापडतील त्या पांढऱ्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी त्यात मिसळावी. पडलेले माड वाडीत कुजत ठेवू नयेत.

हापूसच्या कलमांचे वेळापत्रक माडांपेक्षा वेगळे आहे. मोहोर येण्यासाठी पावसाळ्यानंतर जमिनीला पाण्याचा ताण बसणे आवश्यक असते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कलमांखाली जाड थर देऊ नये. फळे वाटाण्याएवढी झाली की पाणी देऊन गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन करावे. त्याने फळगळ कमी होण्यास मदत होते.

प्रश्न : घरामागे संत्र्याची आणि लिंबाची झाडे आहेत. जमीन काळी, भारी आहे. पाचोळा टाकला की वाळवी लागते, असे शेजारी सांगतात. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : वाळवीला कोरडे, न हलवलेले, लाकूडयुक्त खाद्य आवडते. म्हणून जाड फांद्या आणि तुराट्यांचे ओंडके आच्छादनात घालू नयेत, बोटापेक्षा बारीक काड्या तेवढ्या घ्याव्यात, आणि उन्हाळ्यात थर अगदी कोरडा पडू देऊ नये. तजेलदार झाडाला वाळवी सहसा इजा करत नाही. पाण्याच्या ताणाखालची रोपे आणि साल दुखावलेली झाडे मात्र तिला बळी पडतात. थराखाली निंबोळी पेंड पसरावी, खोडावर मातीच्या नळ्या दिसताच त्या खरवडून काढाव्यात, आणि घराच्या भिंती व चौकटींपासून आच्छादन दोन-तीन फूट दूर ठेवावे.

आपल्या झाडांना वाळवीपेक्षा डिंक्याचा, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचा, धोका मोठा आहे, हे येथे आवर्जून सांगतो. डिंक्याची बुरशी मातीत असते आणि पावसाच्या उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर ती खोडावर पोहोचते. आच्छादनाने शिंतोडे थांबतात, हा फायदा आहे; परंतु तेच आच्छादन बुंध्याला टेकले, तर साल दिवसेंदिवस ओली राहते आणि रोगाला वाट मिळते. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. म्हणून संततधार लागण्यापूर्वी आतला पाला बाहेर ओढून खोडाभोवती दीड-दोन फुटांचे मोकळे कडे करावे, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आहे. पाऊस ओसरल्यावर पाला पुन्हा जवळ घ्यावा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात, आणि त्या दिवसांत तीन-चार इंचांचा थर संत्र्याला फार उपयोगी पडतो.

प्रश्न : गाजर गवत, हरळी आणि लव्हाळा उपटून तोच आच्छादन म्हणून टाकला तर चालेल का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच उपटले असेल तर चालेल. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नोंदवले गेलेले हे तण देशभर पसरले ते त्याच्या बियांमुळे, एकेका झाडाला हजारो बिया येतात. पांढरी फुले दिसू लागली असतील तर ते बागेत ठेवू नये. उपटताना हातमोजे घालावेत आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा, कारण त्वचेला आणि श्वसनाला त्याचा त्रास होतो. हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते, म्हणून ती फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवूनच वापरावी. लव्हाळ्याची वरची पाती चालतील, पण जमिनीखालच्या गाठी कधीही टाकू नयेत. लव्हाळ्याचा कोंब प्लास्टिकच्या आच्छादनालाही भोसकून वर येतो, तेव्हा पाचोळ्याने तो दबेल अशी अपेक्षा ठेवू नये. तो खणूनच काढावा लागतो. गुळवेल आणि ग्लिरिसिडिया यांच्या ताज्या काड्याही ओल्या मातीवर मुळे धरतात, त्या आधी वाळवाव्यात.

प्रश्न : गच्चीवर कुंड्या आहेत. वाळलेली पाने आणि घरच्या पूजेचे निर्माल्य त्यांत घालता येईल का, आणि मग पाणी रोज घालावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अवश्य घालता येईल. पाने हाताने चुरून दीड इंचाचा थर द्यावा आणि कुंडीचा काठ त्याच्या वर बोटभर मोकळा राहू द्यावा. निर्माल्यातील दोरे, जरी, प्लास्टिक आणि कापूर काढून टाकून फुले-पत्री एक दिवस सावलीत सुकवावी व पानांत मिसळावी. नारळाच्या शेंड्या चालतात. करवंट्या वापरायच्या असतील तर पालथ्याच ठेवाव्यात, उताण्या करवंटीत पाणी साचून डास होतात. कोरफड, निवडुंग आणि अडेनियम यांना पानांचा थर देऊ नये, त्यांना बारीक खडी बरी. पाणी रोज घालण्याची गरज बहुधा राहणार नाही. थर बाजूला सारून बोट दोन पेरे मातीत घालावे, आणि माती कोरडी लागली तरच, पण तळाच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत, घालावे.

प्रश्न : आच्छादनामुळे बागेत साप येतील, अशी घरच्यांना भीती वाटते. शिवाय पावसाळ्यात गोगलगायी फार होतात. (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : घरच्यांची भीती रास्त आहे. वाळलेल्या पानांत घोणस पटकन ओळखू येत नाही. साप येतो तो उंदीर, बेडूक आणि लपायला जागा यांच्या शोधात, म्हणून घराच्या दारापासून आणि वापराच्या वाटेपासून तीन-चार फूट जमीन स्वच्छ ठेवावी, विटा-फांद्यांचे ढीग हटवावेत आणि आच्छादनाचा थर तीन इंचांहून जाड करू नये. थरात थेट हात घालू नये. आधी लांब काठीने तो हलवावा, पायात बूट असावेत, आणि अंधारात विजेरीशिवाय बागेत जाऊ नये. लहान मुले खेळतात तो भाग आच्छादनातून वगळावा.

गोगलगायींनी २०२२ च्या खरिपात आपल्या भागातल्या सोयाबीनचे किती नुकसान केले हे आपण जाणताच. दिवसा त्यांना दमट, अंधारी जागा लागते आणि पावसाळ्यातला पाचोळा ती पुरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाजीच्या कोवळ्या रोपांजवळचे आच्छादन काढून मोठ्या झाडांखाली न्यावे, आणि रोपे दणकट झाल्यावर परत आणावे. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या कडेला टाकावीत. रात्री गोगलगायी त्यांच्याखाली जमतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी हातमोजे घालून त्या वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. हे पाणी वाफ्यात ओतू नये. मातीत चिकटलेले पांढरट अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही उचलून त्याच पाण्यात टाकावेत, आणि पावसाची उघडीप होईपर्यंत हा क्रम रोज चालू ठेवावा.